यकृताची कावीळ, रक्ताची कावीळ आणि आमची दोनशे पानी वही

मी सांगलीत २६ वर्षं लॅब टेक्निशियन होते. हजारो लोकांचं रक्त तपासलं असेल. पण २०१८च्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली आणि हात थांबला. वरचा सीरम हळदीच्या पाण्यासारखा होता आणि खाली बसलेल्या लाल पेशींचा थर नेहमीच्या निम्माच. ती तेव्हा ३६ वर्षांची. राहायला विट्याला, तिचे मिस्टर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, दुकान कोइमतूरला.

त्या दिवशीचे आकडे मला तोंडपाठ आहेत. यकृताची सूज सांगणारा एसजीपीटी ८४६, कावीळ मोजणारं बिलिरुबिन ७.२, हिमोग्लोबिन ७.४, प्लेटलेट ६२ हजार. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. साध्या काविळीत हिमोग्लोबिन असं खाली येत नाही. पुढे महिनाभरात निदान झालं ते दोन आजारांचं. यकृताचा ऑटोइम्यून हिपॅटायटिस, आणि रक्तात ऑटोइम्यून हिमोलिटिक अॅनिमिया. प्लेटलेटही त्याच कारणाने कमी होत होत्या, म्हणजे आयटीपी. लाल पेशी आणि प्लेटलेट दोन्हींवर असा हल्ला होतो तेव्हा त्याला इव्हान्स सिंड्रोम म्हणतात. रॉबर्ट इव्हान्स यांनी १९५१ साली ही जोडी मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण बायकांमध्ये दिसणारा यकृताचा हा आजार वर्णन केला होता.

थोडक्यात, शरीराची राखण करणारे घरच्याच माणसांवर उठतात. यात दारूचा, तेलकट खाण्याचा किंवा कुणाच्या उष्ट्याचा काही संबंध नाही. बहिणीच्या सासरी पहिले दोन महिने तिचं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. ते आधी बंद करायला लावलं. हा आजार लागत नाही.

ज्यांच्या घरात यकृताचा आणि रक्ताचा असे दोन्ही ऑटोइम्यून आजार एका माणसाला आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गोळ्या आणि डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. पण यकृताचे डॉक्टर वेगळे, रक्ताचे वेगळे, लॅब तिसरीच, आणि सगळ्यांना जोडणारं कुणी असेल तर ते घरचं माणूस. ते काम कसं करायचं, तेवढं मी सांगू शकते.

वही कशी आखायची

फाइल पुरत नाही. फाइलमध्ये कागद एकावर एक पडतात आणि ओपीडीत डॉक्टरांच्या हाती पाच मिनिटं असतात. दोनशे पानी मोठी वही घ्या आणि जोडपान आडवं धरून आखा. डावीकडे तारीख आणि लॅबचं नाव. मग रक्ताचे रकाने: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, रेटिक म्हणजे रेटिक्युलोसाइट, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतो). त्याला लागून यकृताचे: एकूण बिलिरुबिन, डायरेक्ट, इनडायरेक्ट, एसजीओटी, एसजीपीटी, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा एक प्रकार). आणि शेवटी, लाल शाईने, त्या दिवशी चालू असलेला, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दोन गोळ्यांचा, म्हणजे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा आणि अॅझाथायोप्रिनचा डोस.

डोसाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एसजीपीटी ६० हा आकडा ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर एक सांगतो आणि ५ मिलिग्रॅमवर वेगळंच सांगतो.

आयजीजीच्या रकान्यात एकक लिहायला विसरू नका. सांगलीच्या लॅबने आयजीजी ३१२० दिला होता, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. नंतर कोइमतूरला तपासलं तर रिपोर्टवर २४.६. तिकडून तिचा फोन, आनंदाने रडतेय, “आक्का, आयजीजी चोवीसवर आला, मी बरी झाले!” तो ग्रॅम प्रति लिटर होता. शंभराने गुणायचं, म्हणजे २४६०. निरोगी माणसाचा साधारण ७०० ते १६०० असतो. उतरला होता, पण बरं व्हायला अजून बराच पल्ला होता. तिला ते सांगताना मला फार जड गेलं.

शेजारी एक मोकळा रकाना ठेवा, अंगावरच्या गोष्टींसाठी. लघवीचा रंग, हिरड्यातून रक्त, नवे काळे-निळे डाग, ताप, पाळीला किती दिवस आणि किती पॅड लागले. प्लेटलेट कमी असताना पाळी भरपूर जाते आणि हिमोग्लोबिन त्यानेही उतरतं. बायका ही गोष्ट पुरुष डॉक्टरांसमोर बोलत नाहीत. वहीत लिहिलेली असली की बोलावं लागत नाही.

पिवळेपणा कुठून आला

या दोन आजारांत सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. डोळे पिवळे झाले की सगळे म्हणतात यकृत बिघडलं. पण लाल पेशी फुटल्या तरी डोळे पिवळे होतात. फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचंच बिलिरुबिन बनतं.

एकूण बिलिरुबिनमधून डायरेक्ट वजा करा, राहील ते इनडायरेक्ट. यकृताच्या सुजेत डायरेक्ट बऱ्यापैकी वाढलेलं असतं. पेशी फुटत असतील तर बहुतेक वाढ इनडायरेक्टची असते. बहिणीचं पहिल्यांदा ७.२ पैकी ४.९ डायरेक्ट होतं, राहिलं २.३. दोन्हीकडून आग लागलेली. तेच २०२१च्या मार्चमध्ये एकूण ४.६, डायरेक्ट फक्त ०.७. एसजीपीटी ३४, म्हणजे नॉर्मल. हिमोग्लोबिन मात्र ५.८ आणि रेटिक १४ टक्के. रेटिक म्हणजे हाडांतल्या मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. निरोगी माणसात त्या साधारण अर्धा ते अडीच टक्के असतात. १४ टक्के म्हणजे मज्जा रात्रंदिवस राबतेय आणि माल रस्त्यातच फुटतोय. त्या वेळी घरचे सगळे “लिव्हर परत गेलं” म्हणून हवालदिल झाले होते. वही उघडून दाखवली, लिव्हर शांत आहे, हे रक्ताचं आहे. त्याच दुपारी रक्ताच्या डॉक्टरांकडे गेलो.

एक खूण घरीही दिसते. लघवी तपासायच्या पट्टीवर बिलिरुबिनचा चौकोन असतो. यकृताच्या काविळीत तो रंगतो. नुसत्या पेशी फुटण्याच्या काविळीत रंगत नाही, कारण इनडायरेक्ट बिलिरुबिन लघवीत उतरतच नाही. पण पेशी रक्तवाहिनीच्या आतच फुटू लागल्या तर लघवी कोकसारखी काळपट-लाल होते. तशी झाली तर पट्टी बघत बसू नका, निघा.

एसजीओटी आणि एलडीएच या दोन आकड्यांवर एकटं कधी विसंबू नका. हे दोन्ही लाल पेशींतही असतात, त्यामुळे पेशी फुटल्या की यकृत ठणठणीत असतानाही वाढतात. यकृतासाठी एसजीपीटी आणि आयजीजी बघायचे, रक्तासाठी हिमोग्लोबिन आणि रेटिक.

प्लेटलेट कमी होण्याचे तर तीन दरवाजे आहेत. आयटीपी हा एक. यकृत आकसून सिरोसिस झाला असेल तर प्लीहा, आपल्याकडे पानथरी म्हणतात ती, मोठी होऊन प्लेटलेट अडवून ठेवते. तिसरा दरवाजा अॅझाथायोप्रिन गोळीचा, ती मज्जेला दाबू शकते. गोळीमुळे असेल तर पांढऱ्या पेशीही बहुधा उतरलेल्या दिसतात. पानथरीमुळे असेल तर घसरण सावकाश असते आणि सोनोग्राफीत तिचा आकार कळतो. चार दिवसांत लाखावरून वीस हजारावर आल्या तर आयटीपीचा संशय पहिला. निदान डॉक्टरच करतील, पण “पानथरी किती सेंटिमीटर आहे?” आणि “पांढऱ्या पेशी किती?” हे दोन प्रश्न आपण विचारायचेच.

सॅम्पल देताना

माझ्या धंद्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगते, कारण यांच्यामुळे लोकांचे जीव टांगणीला लागलेले मी पाहिलेत.

शीर सापडत नाही म्हणून सुई फिरवून, जोराने ओढून रक्त काढलं तर पेशी ट्यूबमध्येच फुटतात. सीरम गुलाबी होतो, एलडीएच, एसजीओटी, पोटॅशियम सगळं खोटं चढतं. हिमोलिटिक अॅनिमियाच्या पेशंटमध्ये हे फार घातक, कारण आजार उलटला असंच वाटतं. रिपोर्ट अचानक बिघडला आणि माणूस ठीक दिसतोय, तर लॅबला फोन करून विचारा, “सॅम्पल हिमोलाइझ झालं होतं का?” चांगला टेक्निशियन या प्रश्नाने रागावत नाही.

प्लेटलेट एकाएकी फार कमी आल्या आणि अंगावर एकही डाग नाही, तर स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. काही लोकांच्या प्लेटलेट जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीनला गठ्ठा म्हणजे प्लेटलेट वाटतच नाही, ते कमी मोजतं. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत घेतलं की बहुधा खरा आकडा मिळतो.

ज्यांना थंडीत बोटं निळी पडण्याचा, म्हणजे कोल्ड अॅग्लुटिनिनचा प्रकार आहे, त्यांचं सॅम्पल लॅबपर्यंत कोमट राहिलं पाहिजे. गार झालं की लाल पेशी चिकटतात आणि सीबीसीत अशक्य आकडे येतात, लाल पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट ते सांगणारा एमसीएचसी भलताच जास्त. टेक्निशियनला आधी सांगून ठेवा. त्या ट्यूब ३७ अंशांवर कोमट करून परत लावता येतात.

कूम्ब्स टेस्ट, म्हणजे लाल पेशींना अँटिबॉडी चिकटली आहे का ते बघणारी तपासणी, मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४५ साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ती मांडली आणि आजही ती जवळजवळ तशीच करतात. पेशंटच्या लाल पेशी सलाइनने तीन-चारदा धुवायच्या, म्हणजे भोवतीचा सीरम निघून जातो आणि पेशींना घट्ट चिकटलेलं तेवढंच राहतं. मग कूम्ब्स सीरमचे दोन थेंब. ट्यूब फिरवून काढली की तळाशी पेशींची लाल टिकली बसते, आम्ही तिला बटण म्हणतो. ट्यूब तिरपी धरून अगदी हलके हलवायची. पेशींवर अँटिबॉडी नसेल तर बटण धुरासारखं सुटून सगळीकडे पसरतं. असेल तर रव्याच्या दाण्यांसारखे तुकडे पडतात. बहिणीच्या ट्यूबमध्ये मोठे मोठे तुकडे पडले, थ्री प्लस, म्हणजे जोरदार पॉझिटिव्ह. मी ती ट्यूब दिव्यासमोर धरून किती वेळ उभी होते, आठवत नाही.

पण नुसता कूम्ब्स पॉझिटिव्ह आला म्हणून पेशी फुटतातच असं नाही. यकृताच्या या आजारात आयजीजी इतका वाढलेला असतो की तो पेशींना उगाच चिकटूनही टेस्ट पॉझिटिव्ह येते. सोबत रेटिक, एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं हवं, हॅप्टोग्लोबिन (पेशी फुटल्या की संपत जाणारं प्रथिन) कमी हवं. रिपोर्टवर लाल अक्षरात पॉझिटिव्ह दिसलं म्हणून रात्र जागून काढू नका.

बायोप्सीबद्दल. यकृताचा तुकडा काढायला प्लेटलेट आणि आयएनआर नीट लागतात. बहिणीच्या तोवर ४१ हजारांवर आल्या होत्या आणि आयएनआर १.६, म्हणून बरगडीतून सुई न घालता मानेतल्या शिरेतून आत जाऊन तुकडा घेतला. “प्लेटलेट कमी आहेत म्हणून बायोप्सी होणार नाही” असं कुणी सांगितलं तर हा मार्ग विचारा. मोठ्या केंद्रात होतो.

प्रेडनिसोलोनचा कारभारी एकच

या सगळ्या लिखाणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

प्रेडनिसोलोन यकृतालाही लागतं आणि रक्तालाही. म्हणून दोन्ही डॉक्टरांना ते कमी-जास्त करण्याचा हक्क आहे असं वाटतं, आणि त्यात पेशंट सापडतो. २०१९ साली आमचं तसं झालं. हिमोग्लोबिन १२ वर आलं होतं. रक्ताच्या डॉक्टरांनी महिन्याभरात डोस २० वरून १० वर आणला. रक्ताच्या हिशोबाने ते बरोबरच होतं. पण त्यांच्या पुढ्यात फक्त सीबीसी होता. यकृताचा रिपोर्ट विट्याच्या कपाटात राहिला होता. तीन आठवड्यांनी एसजीपीटी ३१२. जे सहा महिन्यांत कमावलं होतं ते परत पहिल्यापासून.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही डॉक्टरांच्या संमतीने एक ओळ लिहिली आहे: “प्रेडनिसोलोनचा डोस यकृताचे डॉक्टर बदलतील. रक्ताच्या डॉक्टरांना बदल हवा असल्यास ते यकृताच्या डॉक्टरांना फोन करतील.” तुमच्याकडे उलटं असेल, रक्ताचा आजार जास्त उसळणारा असेल, तर रक्ताचे डॉक्टर कारभारी. कोण आहे याला महत्त्व नाही, एकच असण्याला आहे. दोघांनाही हे स्पष्ट विचारा. आम्ही विचारलं तेव्हा दोघांनाही ते पटलं.

गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. आणि स्वतःहून बंद कधीच करायची नाही. चेहरा सुजतो, गाल गोल होतात, वजन वाढतं, लग्नकार्यात बायका नको ते बोलतात. बहिणीने एका लग्नाच्या तोंडावर नऊ दिवस गोळ्या गुपचूप सोडल्या होत्या. दहाव्या दिवशी ती अंघोळीला उठताना कोसळली. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम बंद केलं की रक्तदाब पडतो, माणूस दगावूही शकतो. मी तिला रागावले नाही. चार महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं मी, की गाल डोस उतरला की उतरतात. आता ती ५ मिलिग्रॅमवर आहे आणि चेहरा पूर्वीसारखा आहे.

साखरेचं एक खास सांगायचंय, कारण हे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं. स्टेरॉइडने साखर वाढते, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, करतात. पण ती टेस्ट लाल पेशीवर बसलेली साखर मोजते, पेशी साधारण चार महिने जगते असं धरून. इथे पेशी काही दिवसांत फुटतेय! साखर बसायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. बहिणीचा ४.८ आला होता आणि त्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतरची साखर २६८. सकाळच्या गोळीने साखर दुपारी-संध्याकाळी चढते, उपाशीपोटी साधी असू शकते. म्हणून घरी ग्लुकोमीटर ठेवा आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बघा. रक्त देऊन झालं असेल तर एचबीएवनसी आणखीनच निरुपयोगी.

बाकी स्टेरॉइडबरोबरच्या गोष्टी पटकन: कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, हाडांची डेक्सा तपासणी, वर्षातून एकदा डोळे. रक्ताच्या पेशंटला फॉलिक अॅसिड, कारण मज्जा ते भराभर संपवते.

अॅझाथायोप्रिन सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांच्या तपासण्यांबद्दल विचारा. दुसरी आपल्या भागातल्या लोकांसाठी जास्त कामाची. त्या जनुकात बदल असेल तर नेहमीच्या डोसानेही पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात. तपासणी परवडत नसेल तरी सुरुवातीचे आठवडे दर आठवड्याला सीबीसी हवाच. घरात कुणाला गाउटसाठी अॅलोप्युरिनॉल चालू असेल तर ती पट्टी वेगळ्या डब्यात ठेवा. ती आणि अॅझाथायोप्रिन एकत्र पोटात गेली तर मज्जेला मोठा धक्का बसतो. मूल हवं असेल तर आधी बोला, चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर नको. अॅझाथायोप्रिन बऱ्याचदा गरोदरपणातही चालू ठेवतात, मायकोफेनोलेट ही त्याच कामाची दुसरी गोळी मात्र बाळासाठी घातक.

रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं ठरलं तर त्याआधी हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या होतात, पृष्ठभागाची एचबीएसएजी आणि जुन्या संसर्गाची अँटी-एचबीसी. दुसरी राहिली तर आठवण करून द्या. जुना, झोपलेला विषाणू या औषधाने जागा होतो. आणि प्लेटलेटसाठी आयव्हीआयजी दिलं असेल तर त्याची तारीख वहीत ठळक लिहा. ते हजारो दात्यांच्या अँटिबॉडीचं मिश्रण असतं. त्यानंतर काही आठवडे आयजीजी जास्त दिसतो, आणि अँटी-एचबीसीसुद्धा उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. शक्य असेल तर या तपासण्यांचं रक्त आयव्हीआयजीच्या आधीच काढून ठेवायला सांगा. प्लेटलेट वाढवणाऱ्या एल्ट्रॉम्बोपॅग गोळीने यकृताला त्रास होऊ शकतो. ती लिहून दिली तर यकृताच्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय पहिली गोळी घ्यायची नाही.

“रक्त मॅच होत नाही”

२०२१च्या त्या मार्चमध्ये हिमोग्लोबिन ५.८ असताना रक्त द्यायचं ठरलं. विट्याहून जीप भरून पोरं आली, बाराजण, सगळी तिच्याच बी पॉझिटिव्ह गटाची. रक्तपेढीतून निरोप आला, एकही मॅच होत नाही. बाहेर कल्लोळ. भाचा म्हणाला, दुर्मीळ गट असेल, बॉम्बे ब्लड ग्रुप. तो गट १९५२ साली मुंबईत सापडला हे खरं, पण इथे तो नव्हता. तिच्या अँटिबॉडी तिच्या स्वतःच्या पेशींना चिकटतात, तशाच जगातल्या जवळजवळ कुणाच्याही पेशींना चिकटतात. बाराच्या जागी बाराशे दाते आणले असते तरी तेच झालं असतं.

अशा वेळी पेढी-पेढी हिंडण्यात वेळ घालवू नका. रक्तपेढीच्या डॉक्टरांना भेटा आणि सांगा: ऑटोइम्यून हिमोलिटिक अॅनिमिया आहे, आधीचे कूम्ब्सचे रिपोर्ट हे आहेत, आधी कितीदा रक्त दिलंय, किती बाळंतपणं झालीत. शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे, कारण परक्या रक्तातून किंवा बाळंतपणातून आलेली दुसरी अँटिबॉडी या गर्दीत लपलेली असू शकते आणि खरा धोका तिचा. ते ती शोधतात आणि मग त्यातल्या त्यात सगळ्यात जास्त जुळणारी पिशवी देतात. कठीण केस असेल तर परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, आयसीएमआरची. १९५७ साली ती रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. अशा गुंत्यांसाठी रक्तपेढ्या तिथे मदत मागतात.

आणि माणसाला धाप लागलीय, छाती धडधडतेय, तर “मॅच नाही” म्हणून नातेवाइकांनी रक्त नाकारू नये. डॉक्टर सावकाश, समोर बसून देतात. बहिणीला एक पिशवी दिली, पहिली पंधरा मिनिटं नर्स हलली नाही. ती पोरं मात्र परत पाठवली नाहीत. सगळ्यांनी रक्तदान केलं, कुणाच्या तरी कामाला आलं.

काढा, रस आणि माळ

कोरोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा चालू होता. बहिणीच्या सासूबाईंनीही मायेने दिला, रोज सकाळी, दीड महिना. एसजीपीटी ३८ वरून १९०. बंद केला, डोस वाढवावा लागला. त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२०मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृताला इजा झालेले आढळले, आणि त्यांच्या यकृताचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. २०२१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्याच यकृतावर उठली आहे, त्याला प्रतिकारशक्ती चेतवणारं काहीही देऊ नका. सासूबाईंना मी हे शांतपणे, त्यांच्या शेजारी बसून समजावलं. त्यांना फार वाईट वाटलं. माया होती ती, चूक माहितीची.

काविळीची माळ घालायची असेल तर घाला, तिने काही बिघडत नाही. नाकात देवडांगरीचे थेंब मात्र नकोत. प्लेटलेट कमी असताना नाकातून सुरू झालेलं रक्त थांबवणं कठीण जातं. उसाचा रसही नको, स्टेरॉइडवरच्या माणसाची साखर त्याने कुठल्या कुठे जाते. आणि बिनमिठाचं, बिनतेलाचं, उकडलेलं खायला घालून माणूस वाळवू नका. डाळ, अंडी, दही, भाकरी, पालेभाजी, घरचं साधं जेवण. पायाला सूज किंवा पोटात पाणी असेल तरच मीठ कमी.

अंग दुखतं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणायचं नाही. स्टेरॉइडबरोबर ते पोटात जखमा करतं आणि प्लेटलेटचं काम बिघडवतं. पॅरासिटामॉल किती चालेल ते यकृताच्या डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या. प्लेटलेट कमी असताना कमरेत किंवा दंडात स्नायूचं इंजेक्शनही नको, आत रक्त साकळतं.

रात्री निघायचं कधी

पायावर बारीक लाल ठिपके आले तर काचेचा पेला त्यावर दाबून बघा. दाबल्यावरही दिसत राहिले तर ते त्वचेखालचं रक्त आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी सीबीसी. ठिपक्यांबरोबर तोंडात रक्ताचे फोड, किंवा कधी नव्हती अशी डोकेदुखी असेल तर सकाळची वाट बघायची नाही. कोकसारखी लघवी, पायऱ्या चढता न येणं, रक्ताची उलटी, डांबरासारखं शौच, दिवसा झोप आणि रात्री जाग राहून बडबड, या सगळ्याला त्याच रात्री निघायचं. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, पण ते चिकट नसतं आणि तसा वास येत नाही. ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी फोन, कारण स्टेरॉइडवर संसर्ग दबून बसतो आणि मग एकदम उसळतो.

बहिणीच्या पर्समध्ये पोस्टकार्डाएवढं लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. मराठीत, इंग्रजीत, आणि कोइमतूरच्या शेजारणीकडून लिहून घेतलेलं तामिळमध्ये. मराठी बाजू अशी आहे:

“मला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आणि इव्हान्स सिंड्रोम आहे. मी २०१८ पासून प्रेडनिसोलोन घेते, ते एकदम बंद करू नका. शुद्ध नसेल, उलट्या होत असतील तर शिरेतून स्टेरॉइड द्या. रक्तगट बी पॉझिटिव्ह, क्रॉसमॅच जुळणार नाही, रक्तपेढीला कूम्ब्स पॉझिटिव्ह असल्याचं कळवा. स्नायूत इंजेक्शन नको. दोन्ही डॉक्टरांचे नंबर मागे आहेत. तिसरा नंबर आक्काचा, तिच्याकडे वही आहे.”